जामीनदार कोठून आणावा?

ज्या इसमावरील आरोप अद्याप शाबीत झालेला नाही, ज्याच्या खटल्याची सुनावणी वर्षा-दोन वर्षांत सुरू होईल याचीही शाश्वती नाही, आणि ज्याला खटल्याचा निकाल लागेपर्यंत मोकळे ठेवण्यास हरकत नाही असे खुद्द न्यायाधीशांनी कागदपत्रे पाहून व सरकारी अभियोक्त्याचे म्हणणे ऐकून ठरविले आहे, तो इसम त्या हुकुमानंतरही आठवडेच्या आठवडे, कधी कधी महिनेच्या महिने, कारागृहातच राहतो, आणि याचे कारण एवढेच की त्याच्या नावापुढे सही करणारा जामीनदार त्याला मिळत नाही, ही आपल्या फौजदारी न्यायव्यवस्थेला लागलेली एक जुनी आणि लज्जास्पद व्याधी आहे. अटक योग्य होती की अयोग्य, पोलीस कोठडी किती दिवसांची असावी, अटकपूर्व जामीन कोणास द्यावा, या प्रश्नांवर वृत्तपत्रांतून रकानेच्या रकाने लिहिले जातात, कारण त्या प्रश्नांत नामांकित माणसे गुंतलेली असतात. जामीन मंजूर झाल्यावरही जो आत राहतो त्याचे नाव कोणास ठाऊक नसते, म्हणून त्याच्याविषयी लिहिलेही जात नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे 2022 च्या अखेरीस देशातील कारागृहांत 5,73,220 बंदी होते आणि त्यांपैकी 4,34,302, म्हणजे दर चारांतील तीन, हे शिक्षा झालेले कैदी नसून न्यायाधीन बंदी होते. या सर्वांना जामीन मंजूर झाला होता असे अर्थातच नव्हे. पुष्कळांचे अर्ज फेटाळले गेले असतील आणि काहींचे योग्य कारणाने फेटाळले गेले असतील. परंतु मंजुरीनंतरही आत राहिलेल्यांची संख्या उपेक्षणीय असती, तर 31 जानेवारी 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाला या एकाच विषयावर सविस्तर सूचना द्याव्या लागल्या नसत्या. जामिनाच्या हुकुमाची प्रत त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी कारागृहाच्या अधीक्षकामार्फत बंद्याला पोचवावी, सात दिवसांत त्याची सुटका न झाल्यास अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवावे, आणि महिनाभरात जामीनपत्र भरले गेले नाही तर न्यायालयाने आपण होऊन अटी शिथिल करण्याचा विचार करावा, असे त्या सूचनांत आहे. सुटका लांबण्याचे एक कारण स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे आहे आणि तशी अट न घालणे बरे, असेही तेथे स्पष्टपणे म्हटले आहे. स्थानिक जामीनदाराची ही अट प्रत्यक्षात काय करते, ते जवळून पाहिल्याखेरीज या सूचनेचे महत्त्व ध्यानात येणार नाही.

समजा, बीड जिल्ह्यातील एखादा ऊसतोड मजूर गाळपाच्या हंगामात कोल्हापूर जिल्ह्यात आला आहे आणि मोटारपंपाच्या चोरीच्या संशयावरून त्याला अटक झाली आहे. पोलीस कोठडीची मुदत संपून त्याची रवानगी न्यायालयीन कोठडीत होते, विधी सेवा प्राधिकरणाने दिलेला वकील अर्ज करतो, आणि न्यायदंडाधिकारी 15,000 रुपयांचा जातमुचलका व तितक्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार या अटीवर अर्ज मंजूर करतात. हुकूम सौम्य आहे आणि न्यायाधीशांच्या हेतूविषयी शंका घेण्यास यत्किंचितही जागा नाही. आता जामीनदार शोधावयाचा. त्याने आपला सातबारा उतारा आणावयाचा, घरपट्टीची पावती आणावयाची, शिधापत्रिका, आधारकार्ड व छायाचित्रे आणावयाची, नोकरदार असेल तर पगारपत्रक, आणि न्यायालयाने मागितल्यास तहसील कचेरीतून ऐपतीचा दाखला. ज्या गावाच्या शिवारात या मजुराची कोपी उभी आहे त्या गावात त्याला नावाने ओळखणारा मनुष्य एक मुकादमच, आणि त्या मुकादमाची शेतीवाडीही मराठवाड्यातच. बीडकडील चुलत भाऊ एस. टी. ने रात्रभर प्रवास करून आला, तर त्याच्या सातबाऱ्यावर चार भावांची नावे सामाईक असतात. त्याचा हिस्सा नेमका किती, अशी पृच्छा होते. तेवढ्यातून निभावले तर जामीनदार परजिल्ह्यातील म्हणून त्याच्या पत्त्याची पडताळणी करण्याविषयी त्याच्या गावच्या पोलीस ठाण्याला पत्र जाते, आणि ते पत्र जाऊन उत्तर येईपर्यंत चुलत भावाला परगावी राहणे परवडत नाही, म्हणून तो परत जातो. पुढील तारखेला तो पुन्हा येईलच, याचा भरवसा कोणी द्यावा?

या अवधीत त्या मजुराच्या संसाराचे काय होते, ते न्यायालयाच्या कोणत्याही नोंदीत उमटत नाही. ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी हा एक ‘कोयता’ समजला जातो आणि त्या कोयत्यावर मुकादमाने हंगामाआधी उचल दिलेली असते. नवरा आत गेला की बायको ‘अर्धा कोयता’ ठरते, अर्ध्या मजुरीत तिला सबंध उचल फेडावी लागते, आणि जी फिटत नाही ती पुढच्या हंगामाच्या डोक्यावर बसते. गुन्हा शाबीत होऊन त्याला महिनाभराची कैद झाली असती तर कुटुंबाची जी हानी झाली असती, तीच हानी, जामीन मंजूर झालेला असताना, कोणत्याही निकालावाचून झालेली असते.

हा प्रश्न नवा आहे असे मुळीच नाही. 1978 साली मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या प्रकरणात एक गरीब गवंडी सर्वोच्च न्यायालयापुढे आला होता. त्याला जामिनावर सोडावे असे त्याच न्यायालयाने आधी सांगितले होते. रक्कम ठरविण्याचे काम मात्र खालच्या न्यायालयावर सोपविले होते. दंडाधिकाऱ्यांनी 10,000 रुपयांचा जामीन मागितला, आणि गवंड्याचा भाऊ जामीन राहण्यास तयार असता, तो व त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यातील म्हणून त्याला नाकारले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी या नकाराचा जो समाचार घेतला तो आजही वाचण्याजोगा आहे. एका जिल्ह्यातील भारतीय दुसऱ्या जिल्ह्यात परका कसा ठरतो, असा त्यांचा मूळ सवाल होता, आणि कायद्यापुढील समानतेचे अभिवचन देणाऱ्या संविधानाच्या चौदाव्या अनुच्छेदाशी हा भेद विसंगत आहे असा त्यांचा निष्कर्ष होता. गवंड्याला 1,000 रुपयांच्या स्वतःच्या मुचलक्यावर मुक्त करण्याचा हुकूम त्यांनी दिला. जामिनावर सोडणे या संज्ञेत जामीनदारासह सोडणे व जामीनदाराविना सोडणे हे दोन्ही प्रकार येतात, हा अर्थही त्याच निकालाने पक्का केला. पुढच्याच वर्षी, बिहारमधील न्यायाधीन बंद्यांच्या हुसैनारा खातून प्रकरणात न्यायमूर्ती भगवती यांनी आरोपीचे वास्तव्य, रोजगार, कौटुंबिक संबंध, लौकिक व पूर्ववृत्त पाहून, तो पळून जाण्याचा धोका नसेल तर त्याला जातमुचलक्यावर सोडावे, असे सांगितले. त्या बंद्यांपैकी काहीजण तर, त्यांच्यावरील आरोप शाबीत झाला असता जी कमाल शिक्षा झाली असती, तिच्याहूनही अधिक काळ कोंडलेले होते. इतके स्पष्ट निर्णय इतक्या वर्षांपूर्वी झालेले असताना तालुक्याच्या न्यायालयातील छापील नमुन्यात ‘एक सक्षम स्थानिक जामीनदार’ हे शब्द आजही तसेच्या तसे राहावेत, याचा दोष एका न्यायाधीशाला देता येत नाही. तो एका सवयीचा दोष आहे, आणि कायद्याच्या दुनियेत सवय ही पुष्कळदा कलमाहून बलवत्तर ठरते.

मराठी वाचकाला या संदर्भात लोकमान्य टिळकांच्या 1897 च्या खटल्याचे स्मरण व्हावे हे स्वाभाविक आहे. त्या वर्षी जुलैअखेर राजद्रोहाच्या आरोपावरून त्यांना अटक झाली. दंडाधिकाऱ्यांनी जामीन नाकारला, उच्च न्यायालयात न्यायमूर्ती पार्सन्स व न्यायमूर्ती रानडे यांच्यापुढेही अर्ज यशस्वी झाला नाही, आणि अखेर न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी तो मंजूर केला. त्या अर्जावर टिळकांची बाजू मांडणारे बॅरिस्टर दावर हेच पुढे न्यायमूर्ती झाले, आणि 1908 साली बॅरिस्टर जिनांनी टिळकांसाठी केलेला जामीन-अर्ज त्यांनीच फेटाळला, हा योगायोग सर्वश्रुत आहे. परंतु मला येथे सांगावयाचे आहे ते वेगळे. 1897 साली न्यायाधीशाचा हुकूम झाल्यावर टिळकांना कोठडीत खितपत पडावे लागले नाही, कारण त्यांच्यासाठी मोठमोठ्या रकमांची हमी देण्यास मुंबईचे धनिक पुढे आले. परकीय सरकारच्या रोषाची तमा न बाळगता त्यांनी दाखविलेले हे धैर्य थोर होते, यात शंका नाही. तथापि ज्या व्यवस्थेत न्यायाधीशाच्या हुकुमाचे सार्थक होण्यासाठी कोणी धनिक मागे उभा असावा लागतो, ती व्यवस्था पारतंत्र्यातच शोभणारी होती. ज्याच्यामागे कोणीच नाही अशा नागरिकासाठी स्वतंत्र भारताने तिच्यात पालट करावयास हवा होता.

पालट मुळीच झाला नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. 2005 च्या दुरुस्तीने जामीनपात्र गुन्ह्यांपुरती एक फार चांगली तरतूद आली, आणि 1 जुलै 2024 पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 478 मध्ये ती कायम आहे: आरोपी निर्धन असेल व जामीनदार देऊ शकत नसेल तर त्याला जामीनदाराविना मुचलक्यावर सोडलेच पाहिजे, आणि अटकेपासून आठवड्याच्या आत जो जामीनदार आणू शकला नाही तो निर्धन आहे असे न्यायालयाने गृहीत धरावे. या गृहीतकाचे मर्म पाहण्यासारखे आहे. आपल्या दारिद्र्याचा दाखला बंद्याने पैदा करावयाचा नाही. आठवडाभर तो आत राहिला, हाच त्याचा दाखला. परंतु ही उदारता जामीनपात्र गुन्ह्यांच्या कुंपणापाशी थांबते. चोरी ही सर्वसामान्यतः अजामीनपात्र आहे. आपल्या मजुराचे प्रकरण कलम 480 खाली येते, आणि त्या कलमात असे कोणतेही गृहीतक नाही. तेथे आधार आहे तो कलम 484 चा, ज्यात मुचलक्याची रक्कम प्रकरणाची परिस्थिती पाहून ठरवावी व ती अवाजवी नसावी असे म्हटले आहे. ज्याला आठवड्यात जामीनदार मिळत नाही त्याचे दारिद्र्य आरोपाच्या वर्गीकरणाप्रमाणे बदलते की काय? दंडाधिकाऱ्यांनी जामीन नाकारला असता तर प्रश्न वेगळा होता. त्यांनी तो मंजूर केल्यावर, गुन्हा जामीनपात्र होता की अजामीनपात्र हा भेद संपुष्टात आलेला असतो आणि उरतो तो केवळ तारखेला हजर राहण्याच्या हमीचा प्रश्न.

नव्या संहितेने आणखी एक गोष्ट केली आहे, तिच्याकडे वकीलवर्गाचे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. 1973 च्या संहितेत जामिनाची व्याख्याच नव्हती. नव्या संहितेच्या दुसऱ्या कलमात ती आली असून, जामीनदारासह दिलेले हमीपत्र व जामीनदाराविना दिलेला मुचलका असे दोन प्रकार स्वतंत्रपणे सांगून, यांपैकी कोणत्याही प्रकाराने झालेली सुटका म्हणजे जामीन, असे तेथे म्हटले आहे. मोतीराम प्रकरणात जे न्यायालयाने अर्थनिर्णयाने सांगितले ते आता खुद्द संसदेच्या शब्दांत आहे. जामीनदाराविना सोडण्याचा आम्हांस अधिकार कोठे आहे, असे म्हणण्याची सोय आता कोणत्याही न्यायालयाला राहिलेली नाही.

यावर जो आक्षेप घेतला जातो तो क्षुल्लक नाही आणि त्याला उत्तर दिलेच पाहिजे. आरोपी फरारी झाला तर खटला खोळंबतो, फिर्यादी न्यायाला मुकतो, साक्षीदार पांगतात आणि मुद्देमाल खोलीत धूळ खात पडतो. ज्याची चोरी झाली तो शेतकरीही बहुधा गरीबच असतो, हे विसरून चालणार नाही. परंतु जामीनदारामुळे हजेरीची निश्चिती होते, हे गृहीत कितपत खरे आहे? फौजदारी न्यायालयांच्या आवारात वावरणाऱ्या प्रत्येकाला धंदेवाईक जामीनदार ठाऊक आहेत: एकच सातबारा अनेक न्यायालयांत दाखविणारे, आरोपीचा चेहराही पूर्वी न पाहिलेले, आणि ठरलेली रक्कम घेऊन सही करून जाणारे. आपण आणखी किती आरोपींना जामीन राहिलो आहोत हे जामीनदाराने जाहीर करावे, अशी तरतूद कायद्याला मुद्दाम करावी लागली, यावरूनच हा रोग किती मुरला आहे ते दिसते. अट जितकी कडक, तितका हा बाजार तेजीत. कारण ज्याला प्रामाणिक जामीनदार मिळत नाही त्याला विकतचा घ्यावा लागतो, आणि विकतच्या जामीनदाराला आरोपी तारखेला आला काय न आला काय, सारखेच. उलटपक्षी, मुचलक्यावर सुटून न्यायालयात हजर न राहणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 269 खाली एक वर्षापर्यंतच्या शिक्षेस पात्र असा स्वतंत्र गुन्हा आहे. बायको-मुले गावी असलेला, हंगाम संपला की त्याच वस्तीत परतणारा मजूर पळून जाऊन जाणार कोठे? जो खरोखर पळण्याची तयारी ठेवतो, त्याच्याजवळ बहुधा जामीनदार आणण्याइतका पैसाही असतो.

आणि आत राहिलेला मनुष्य शेवटी काय करतो? तो गुन्हा कबूल करतो. लहान गुन्ह्यांच्या खटल्यांत ही गोष्ट इतकी अंगवळणी पडलेली आहे की तिच्यातील भयंकरपणा कोणास जाणवेनासा झाला आहे. भोगलेली कोठडी शिक्षेतून वजा होते, हा कायदा मूलतः आरोपीच्या हिताचा. परंतु तीन महिने आत काढलेल्या माणसाला असे सांगण्यात येते की कबुली दिलीस तर भोगले तेवढ्यावर सोडतील आणि खटला लढविलास तर पुढची तारीख, आणि मग तो हात जोडून कबुली देतो. त्या कबुलीत सत्य किती आणि घरी जाण्याची तळमळ किती, हे कोण सांगणार? पुढे तो शिक्षा झालेला इसम ठरतो. नव्या संहितेच्या कलम 479 ने, मृत्युदंड वा जन्मठेपेचे गुन्हे वगळून, कमाल शिक्षेचा निम्मा काळ आत काढलेल्या न्यायाधीन बंद्याला, आणि पूर्वी कधीही शिक्षा न झालेल्याला तर एक-तृतीयांश काळानंतरच, सोडण्याची सवलत दिली आहे. ती मुदत भरताच कारागृहाच्या अधीक्षकाने लेखी अर्ज करावा असेही बजावले आहे. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. परंतु जामीनदाराअभावी ज्याने एकदा कबुली दिली, तो या एक-तृतीयांशाच्या सवलतीला जन्मभरासाठी मुकतो. ज्यांच्या पूर्वजांना 1871 च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरविले होते आणि ज्यांच्यापैकी अनेकांपाशी आजही शिधापत्रिका नाही, जमिनीचा तुकडा नाही की पक्क्या घराची पावती नाही, त्या पारधी व अन्य विमुक्त जमातींच्या तरुणांना या दुष्टचक्राची झळ सर्वाधिक लागते. तो कायदा 1952 साली रद्द झाला, पण कागद मागणाऱ्या खिडकीपुढे हे तरुण आजही रिकाम्या हातांनी उभे आहेत.

केंद्र सरकारने 2023 साली निर्धन बंद्यांच्या साहाय्यासाठी एक योजना आणली, आणि जामिनाची रक्कम भरण्यास न्यायाधीन बंद्याला त्या वेळी 40,000 रुपयांपर्यंत मदत करण्याचा अधिकार जिल्हास्तरीय समितीला दिला. हेतू चांगला. परंतु सरकारी तिजोरीतून काढलेली रक्कम न्यायालयात अनामत ठेवण्यासाठी अर्ज, चौकशी, समितीची बैठक व मंजुरी एवढा खटाटोप करण्याऐवजी ती रक्कम मुळात मागितलीच नाही, तर काय बिघडेल, याचे उत्तर योजनेत सापडत नाही.

संसदेकडे माझी मागणी एकाच दुरुस्तीची आहे. कलम 478 मधील आठवड्याचे गृहीतक कलम 480 खाली मंजूर झालेल्या जामिनालाही लागू करावे. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यांपुरते केले तरी आज अडकलेल्यांपैकी पुष्कळ जण मोकळे होतील. तोवर दंडाधिकाऱ्यांना कायद्याने अडविलेले नाही. अर्ज मंजूर करतानाच, याचा रोजगार काय, याच्या घरी कोण आहे, याला जामीनदार कोठून मिळेल, एवढे दोन-तीन प्रश्न बंद्याला समजेल अशा भाषेत विचारावेत आणि उत्तर पाहून छापील नमुन्यातील ‘स्थानिक’ हा शब्द खोडावा. बहुतेक प्रकरणांत पुढचा ‘जामीनदार’ हा शब्दही खोडता येईल.

वाचकांपैकी जे साखर कारखान्यांचे संचालक आहेत, बांधकामाचे कंत्राटदार आहेत, गावांचे सरपंच वा शाळांतील शिक्षक आहेत, त्यांनाही एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण तिच्याविषयीच्या गैरसमजामुळे सज्जन माणसेही जामीन राहण्यास कचरतात. जामीन राहणाऱ्यावर आरोपीच्या गुन्ह्याचा कोणताही डाग वा बोजा येत नाही. आरोपी न्यायालयात हजर राहील एवढीच त्याची हमी असते, आणि आरोपी न आल्यास त्याला जबाबदार धरले जाते ते मुचलक्याच्या रकमेपुरतेच. पुढे भरवसा राहिला नाही, तर अर्ज करून त्या हमीतून मोकळे होण्याचा हक्कही त्याला कायद्याने दिलेला आहे. आपल्या कामावर राबणारा मनुष्य अडचणीत सापडला आणि त्याच्याविषयी आपली खात्री असली, तर आपला सातबारा घेऊन न्यायालयात जावे.